सर्व्हरांचा मानपान

सोलापूरहून तुळजापूरला जाताना लागणाऱ्या आमच्या तामलवाडीत सर्व्हर कुणी पाहिलेला नाही, पण पडलेला सर्व्हर सगळ्यांनी पाहिला आहे. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही, सातबारा निघत नाही, पीकविम्याची पावती येत नाही, पासबुक छापून मिळत नाही. आरोपी सगळीकडे एकच. "सरवर डाऊन हाय, दुपारनं या." पूर्वी याच कामासाठी "साहेब मीटिंगला गेलेत" हे वाक्य होतं. त्यात एक उणीव होती. साहेब कधी ना कधी परत यायचे आणि त्यांची जीप लोकांना दिसायची. सर्व्हरला जीप नाही. तो आला की नाही, हे खिडकीतला माणूस सांगेल तेव्हाच कळायचं.

त्यामुळे गावाच्या डोक्यात सर्व्हर हा एक इसम आहे. बहुधा मुंबईला राहणारा, तब्येतीनं नाजूक, आणि शेवटची तारीख जवळ आली की हमखास अंथरूण धरणारा. "मग सरकार दुसरा का ठिवत न्हाई?" असं नानांनी मला एकदा विचारलं. नाना माझे चुलते. मी हिंजवडीत मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांचं सॉफ्टवेअर बसवायच्या कामावर असतो, त्यामुळे गावी आलो की जगातल्या एकूण एक सर्व्हरच्या वतीनं उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे येतं. रेशनच्या सर्व्हरशी माझा काही संबंध नाही, हे मी सांगून पाहिलं. नानांच्या मते जात एकच.

दुसरा ठेवण्याचा प्रश्नच नाही, कारण पहिलाच एक नसतो. मोठ्या दुकानाचं सॉफ्टवेअर बसवायचं ठरलं की सगळ्यात आधी एक तक्ता तयार होतो. डावीकडे यंत्रांची नावं, उजवीकडे 'रोल', म्हणजे कुणी काय करायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणी काय करायचं नाही. पानं दाखवणारा वेगळा, हिशेब करणारा वेगळा, नोंदी ठेवणारा वेगळा, शोधून देणारा वेगळा, रात्री जागून पत्रं धाडणारा वेगळा. नव्यानं कामाला लागलेल्या पोरांना हे पचायला वेळ लागतो. तुळजापूरच्या वाटेवरच्या माणसाला लागू नये. भवानीचा पलंग आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावात तयार होतो आणि पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी त्या पलंगावर आश्विन पौर्णिमेपर्यंत निद्रा घेते. पलंगाचा मान एका घराचा, पालखीचा दुसऱ्याचा. पालखीवाल्यानं "जरा पलंग पण बघतो" म्हटलेलं चालायचं नाही. सर्व्हरांचा रोल म्हणजे हाच मान. मान मोडला की देवी कोपते, आमच्याकडे क्लायंट कोपतो.

एवढं सगळं सांगितल्यावर नाना म्हणाले, "म्हंजी बिघडलं तर कुणाला धरायचं?" हा प्रश्न हिंजवडीत विचारायची पद्धत नाही.

यंदाच्या जानेवारीत याचं प्रात्यक्षिक झालं. हरभरा घाटे भरायला आलेला, त्यावर घाटेअळी, आणि नेमकी नानांच्या फवारणी पंपाची बॅटरी मेली. बारा व्होल्टची, मुठीपेक्षा थोडी मोठी डबी. सोलापुरात मिळते, पण त्या आठवड्यात प्रजासत्ताक दिनाचा सेल लागला होता आणि नानांच्या फोनवर कुणीतरी 'चाळीस टक्के सूट' धाडली होती. सुटीला आलेला इंजिनिअर पुतण्या घरात. नानांनी चष्मा लावला आणि फोन माझ्या हातात न देता फक्त माझ्या बाजूला सरकून बसले, म्हणजे चूक झाली तर ती माझी.

अ‍ॅप उघडताना जी चकती गोल गोल फिरते, तिच्यामागे पहिला मानकरी उभा असतो, लोड बॅलन्सर. हा काही विकत नाही. आलेल्या प्रत्येकाला "तू तिकडं जा, तू तिकडं" एवढंच सांगतो. आपल्या हाताखालचे सर्व्हर धड आहेत का, हेही तो दर काही सेकंदांनी विचारत राहतो. समोरून '२००' असं उत्तर आलं की सगळं ठीक. कामाचा डोंगर अंगावर घेऊन गुदमरलेला सर्व्हरही बरेचदा इमानानं '२००' म्हणतो, जसा अंथरुणातून फोन उचलणारा माणूस "निघालोच" म्हणतो. म्हणून आता शहाण्या लोकांनी त्या एका प्रश्नाचे दोन केले आहेत. जिवंत आहेस का? आणि गिऱ्हाईक घेशील का? दुसऱ्याला 'नाही' म्हटलं तर शिक्षा होत नाही, थोडा वेळ त्याच्याकडे कुणाला पाठवत नाहीत, एवढंच. नानांना ही व्यवस्था फार आवडली. आपल्याकडे बऱ्याच खुर्च्यांना नुसता पहिलाच प्रश्न विचारतात, असं त्यांचं निरीक्षण.

सेलच्या दिवशी या दारवानाची कसोटी असते. ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टनं 'बिग बिलियन डे' केला तेव्हा लोक इतके तुटून पडले की दुकान कोलमडलं. दुसऱ्या दिवशी सचिन आणि बिन्नी या दोन्ही बन्सलांनी गिऱ्हाइकांना पत्र लिहून माफी मागितली. जवळपास ५००० सर्व्हर लावले होते आणि नेहमीच्या वीसपट गर्दीची तयारी ठेवली होती, असं त्या पत्रात होतं. गर्दी त्याहून मोठी निघाली. मला त्या पत्रातली माफी महत्त्वाची वाटते. तोवर आपल्या देशात 'सर्व्हर डाऊन' हे कारण होतं. तो गुन्हा असू शकतो आणि त्याची माफी मागायची असते, हे पाच हजार सर्व्हर एका दमात झोपल्यावर कळलं.

नानांनी माइकचं बटण दाबून मोठ्यांदा सांगितलं, "फवाऱ्याची बॅटरी." आता पुढचा मानकरी, शोध घेणारा सर्व्हर. हा मूळ नोंदवही उघडतच नाही. त्याच्याकडे शब्दांची स्वतःची सूची असते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी, आणि त्यात बघून तो उत्तर देतो. जगभरातली कितीतरी दुकानं यासाठी इलास्टिकसर्च वापरतात. त्याचा उगमही मोठा घरगुती आहे. शाय बॅनन नावाच्या इस्रायली प्रोग्रॅमरची बायको लंडनला स्वयंपाकाचं शिक्षण घेत होती. तिला पाककृती शोधता याव्यात म्हणून यानं शोधयंत्र लिहायला घेतलं आणि त्या खटपटीतून २०१० साली इलास्टिकसर्च बाहेर पडलं. बायकोला पाककृती मिळाल्या की नाही, याची नाना अजून चौकशी करतात. त्यांना स्वतःला पहिल्या झटक्यात मिळालं ते अत्तराची फवारणी करणारं एक यंत्र, मग मनगटी घड्याळाचे सेल, आणि तिसऱ्या क्रमांकावर 'फवारा' नावाचं बागेतलं कारंजं. "पाचशे एकराचा सवदा समजला का काय ह्यानं?" नाना म्हणाले. 'स्प्रे पंप बॅटरी' म्हटल्यावर ती डबी सापडली.

यादीत किंमत ८४९. नानांनी बोट टेकवलं, पान उघडलं, तर ९७९. इथे नानांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्या नजरेत भुसार आडतीच्या सगळ्या पिढ्या होत्या. मी त्यांना कॅशे समजावून सांगितला. दर खेपेला मुख्य नोंदवहीपर्यंत जायला वेळ लागतो, म्हणून मधे एक सर्व्हर मागे दिलेली उत्तरं लक्षात ठेवून तीच पुन्हा देतो. वेगानं देतो, छातीठोकपणे देतो आणि कधीकधी शिळी देतो. भाव बदलला तरी त्याला कुणी सांगेपर्यंत तो जुनाच ओरडत बसतो. यात लबाडी काही नाही, असं मी म्हणालो. "मग शिळा भाव नेमका कमीचाच कसा?" याला तांत्रिक उत्तर आहे, पण ते मला नानांसमोर देववलं नाही.

थैलीत टाकलेल्या मालाचंही असंच. अ‍ॅमेझॉनच्या लोकांनी २००७ साली 'डायनॅमो' नावाच्या आपल्या व्यवस्थेवर एक शोधनिबंध लिहिला. गिऱ्हाइकानं थैलीत टाकलेली वस्तू कधीही हरवता कामा नये, मग मधले काही सर्व्हर बंद पडोत, असा त्यांचा दंडक होता. त्याची किंमत म्हणून काढून टाकलेली वस्तू क्वचित पुन्हा थैलीत येऊ शकते, हे त्यांनी सरळ कबूल केलं आहे. तो निबंध अभ्यासाला लावतात, आणि लावावाच. घेतलेलं विसरायचं नाही, नको म्हटलेलं विसरलं तरी चालेल, हे दुकानदारीचं मर्म याहून स्वच्छ शब्दांत मी वाचलेलं नाही.

या सगळ्या खानदानात माझा जीव एकावर आहे. अमेरिकेत केंब्रिजला १९९१ साली एटीजी नावाची कंपनी निघाली, जी पुढे ओरॅकलनं घेतली. तिच्या सॉफ्टवेअरमधला तो लॉक सर्व्हर. हा गिऱ्हाईक पाहत नाही, माल पाहत नाही, पैसे तर नाहीच नाही. एका नोंदीत एका वेळी एकानेच लिहावं म्हणून तो नुसती किल्ली सांभाळतो. "शेवटची बॅटरी उरलीय, मला शिलकीत लिहायचंय" म्हणून एक सर्व्हर येतो, किल्ली घेतो, लिहितो, परत करतो. तोवर दुसरा दाराशी उभा. किल्लीवाला आजारी पडला तर पंचाईत, म्हणून त्याला एक बदली नेमतात. बदली लॉक सर्व्हरचं अख्खं आयुष्य पहिला कधी मरतो याची वाट बघण्यात जातं. असे गृहस्थ प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीत उपाध्यक्ष असतात.

इथवर सगळं बरं होतं. पत्ता आला आणि गाडी रुतली.

नानांनी पिन कोड टाकल्याबरोबर अ‍ॅपनं हुशारी दाखवून जिल्हा स्वतःच भरला: 'उस्मानाबाद'. नानांनी 'पुढे जा' दाबलं. लाल अक्षरं आली: 'कृपया योग्य जिल्हा निवडा.' नानांनी यादी उघडली. तीत 'धाराशिव' होता. तो निवडला. अ‍ॅप म्हणालं, 'हा जिल्हा पिन कोडशी जुळत नाही.' नानांनी पुन्हा पिन कोड टाकला. पुन्हा आपोआप 'उस्मानाबाद'. पुन्हा लाल.

नाना शांत होते. २०२३ साली जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा त्यांनी त्यावर दोन्ही बाजूंनी वाद घातलेला आहे, त्यामुळे त्यांना हा विषय नवा नव्हता. त्यांच्या आधारवर एक नाव, बँकेच्या नव्या पासबुकावर दुसरं, आणि ट्रॅक्टरच्या पाटीवर नुसतं 'एमएच २५', जे कुठल्याच राजवटीत बदललं नाही. मला मात्र पडद्यामागचं दिसत होतं. ज्यानं मुख्य नोंदवहीत नाव बदललं त्यानं आपलं काम चोख केलं होतं. पिन कोडवरून जिल्हा सांगणारा सर्व्हर वेगळा, त्याची यादी जुनी. नावं बदलायचा मान त्याचा नव्हता. तपासणी करणारा तिसरा, त्याच्याकडे नवी यादी. कुरिअरवाल्यांची नावं आणखी कुठल्यातरी चौथ्याच वहीत. शासनाचा निर्णय राजपत्रात निघतो आणि सगळा जिल्हा एका रात्रीत बदलतो. सर्व्हरांच्या वाड्यात तो निर्णय खोलीखोलीत जाऊन वेगळा वाचून दाखवावा लागतो, आणि एखाद्या खोलीला कुलूप असतं.

"दोनी लावू का, उस्मानाबाद-धाराशिव?" नाना म्हणाले. तशी सोय नव्हती. अखेर पिन कोड सगळ्यात शेवटी भरायचा अशी युक्ती नानांनीच शोधून काढली. का चालली ते मी विचारत बसलो नाही. खाली 'जवळची खूण' असा रकाना होता. गावात महामार्गाचा टोलनाका आहे, म्हणून नानांनी लिहिलं: टोलनाक्याच्या अलीकडं. नानांच्या जगात सगळ्या गोष्टी सोलापूरहून सुरू होतात, त्यामुळे अलीकडं म्हणजे सोलापूरच्या बाजूला, हे वेगळं लिहायची त्यांना गरज वाटली नाही.

पैसे भरले. बँकेचा मेसेज ठणकन आला. तो सर्व्हर दिवाळीलाही आडवा पडलेला मी पाहिलेला नाही. नानांनी 'माझ्या ऑर्डर' उघडलं. तिथे एक रिकामी पिशवी काढली होती आणि खाली लिहिलं होतं: 'तुम्ही अजून काहीही मागवलेलं नाही. खरेदीला सुरुवात करा!'

घडलं होतं ते असं. मुख्य डेटाबेस एकच, नोंद लिहायचा मान त्याचा एकट्याचा. वाचणाऱ्यांची गर्दी त्याच्यावर पडू नये म्हणून त्याच्या नकला काढून ठेवतात, आणि वाचणाऱ्याला त्या नकलांकडे पाठवतात. नक्कल मूळच्या किंचित मागे असते. एरवी पापणी लवेपर्यंत गाठते, सेलच्या दिवशी मात्र मागे रेंगाळते. ऑर्डर मूळ वहीत लिहिली गेली होती, फक्त नाना नक्कल बघत होते. मी हे वाक्य निम्म्यावर आणेपर्यंत त्यांनी 'खरेदीला सुरुवात करा' ही आज्ञा पाळली होती. पिन कोड शेवटी टाकून.

रात्री पत्र धाडणाऱ्या सर्व्हरनं दोन्ही ऑर्डरींची पत्रं धाडली. हा एकांडा मानकरी. ठरलेल्या वेळी ठरलेली कामं करायचा हक्क तक्त्यात एकाच यंत्राला द्यायचा असतो. चुकून दोघांना दिला तर दोघंही तितक्याच निष्ठेनं तेच काम करतात. तसंच काहीसं झालं असावं, कारण पत्रं चार आली. "दोन बॅटऱ्या, चार पत्रं," नाना म्हणाले, "माणूस मेला तरी इतकी येत न्हाईत."

मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती. "सर, आमच्या सिस्टीमला सगळं ओके दाखवतंय." ती खरंच बोलत होती. मी त्या खोल्यांमध्ये बसलेलो आहे. भिंतीवर मोठा पडदा असतो, त्यावर प्रत्येक रोलसमोर एक दिवा. दारवान हिरवा, शोधणारा हिरवा, किल्लीवाला हिरवा, मूळ वही हिरवी, नक्कल हिरवी. यांतल्या कुणालाही दोष द्यावा असं काही नसतं. ज्यानं त्यानं आपापला मान राखलेला असतो. दोन यंत्रांच्या मधे जी भेग असते तिला मात्र दिवा लावलेला नसतो, कारण भेग हा कुणाचा रोल नाही. असा दिवा लावावा असं मी एकदा बैठकीत सुचवलं. सूचना सगळ्यांना आवडली. ती कुणाच्या टीमकडे द्यायची यावर बैठक संपली.

एवढी फाटाफूट करायचीच कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. नानांनाही वाटलं. पण एकाच यंत्रावर सगळं ठेवलं तर अत्तराचा फवारा शोधणाऱ्या हजार लोकांच्या गर्दीत पैसे भरायला आलेला एक माणूस चिरडतो. वेगळे ठेवले म्हणून शोध कोलमडला तरी गल्ला चालू राहतो. बारकाईनं पाहिलं तर सगळ्या तक्त्याची आखणी त्या एकाच हेतूनं केलेली असते: काहीही पडो, गल्ला पडता कामा नये. नानांच्या बाबतीत तो पडला नाही. दोनदा पडला नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. पहिली बॅटरी दोन दिवसांत सोलापूरला पोहोचली, असं अ‍ॅप म्हणालं. सोलापूर म्हणजे आमचं अंगण. नानांनी पंप धुऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी अ‍ॅप म्हणालं: 'तुमचं पार्सल मार्गस्थ आहे. पुढचा थांबा: ओएसएमडी.' हे कुठलं गाव, असा घरात खल झाला. शेवटी उलगडा झाला की हा कुरिअरच्या वहीतला उस्मानाबाद. म्हणजे जिल्ह्याचं पार्सल जिल्ह्याच्या ठिकाणी जाणार, तिथून गावाला येणार. वाटेत लागणारं गाव हे वाटेतच लागतं, हे सांगायचा रोल कुणाला दिलेला नव्हता.

सोलापूरहून धाराशिवला ट्रक जातो तो राष्ट्रीय महामार्ग ५२ वरून. हा रस्ता पंजाबात संगरूरला सुरू होतो, कर्नाटकात अंकोल्याला संपतो, आणि मधे आमच्या टोलनाक्यावर थांबून पैसे देतो. ट्रक तिथून गेला. आणि इथे, आमच्या गावात, आमच्या डोळ्यांदेखत, सर्व्हरांचा दुसरा एक वाडा आपापला मान बजावत उभा आहे, ज्याच्याकडे आम्ही कधी लक्षच दिलेलं नाही. काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. वरचा रीडर लहरी सोडतो, त्यांच्याच जोरावर टॅग आपला क्रमांक पुटपुटतो. तो क्रमांक लेनच्या यंत्राकडून नाक्याच्या सर्व्हरकडे जातो, तिथून नाक्याच्या बँकेकडे, तिथून बँकांना एकमेकींशी जोडणाऱ्या एनपीसीआयच्या मधल्या स्विचकडे. तिथे मॅपर नावाची एक वही असते, जी फक्त एवढंच सांगते की हा टॅग कोणत्या बँकेचा. मग ती बँक ट्रकवाल्याच्या खात्यातून पैसे काढते आणि त्याला मेसेज धाडते. पूर्वी शिल्लक नसलेल्या टॅगांची यादी नाक्यावर आणून ठेवत आणि थोड्या थोड्या वेळानं ताजी करत, म्हणजे पुन्हा तोच शिळ्या भावाचा घोळ. आत्ताच रिचार्ज केलेला माणूस यादीत अजून कंगालच. आता राष्ट्रीय महामार्गांवर टॅगची स्थिती तिथल्या तिथं विचारून घेतात. फास्टॅग सक्तीचा झाला तो १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री. ज्याच्याकडे नव्हता त्याला दुप्पट. नोव्हेंबर २०२५ पासून त्यात सवलत आली. टॅग नसलेल्याला रोखीनं दुप्पट, यूपीआयनं सव्वापट असं तेव्हा ठरलं.

तर त्या दुपारी नानांची बॅटरी तामलवाडीत होती. घरापासून हाकेच्या अंतरावर, ट्रकच्या पोटात, आडवा दांडा वर जायची वाट बघत. ट्रक तामलवाडीत आला हे लेनच्या यंत्राला ठाऊक होतं, नाक्याच्या सर्व्हरला ठाऊक होतं, दोन बँकांना आणि मधल्या स्विचला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त दुकानाला. त्याच्या लेखी पार्सल 'मार्गस्थ' होतं.

मी हे नानांना सांगितलं. ते बराच वेळ दारातून नाक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या दांड्यालाच का न्हाई सांगत, बॅटरी खाली उतरवून घे म्हणून?"

"नाना, त्याचा तो रोल नाही."

"त्येचा न्हाई, ह्येचा न्हाई. मग अळी काय रोल बघून खायलीय व्हय?"

तिसऱ्या दिवशी एका पोराचा फोन आला. "काका, पार्सल हाय. तामलवाडीत कुठं यायचं?" नाना म्हणाले, "टोलनाक्याच्या अलीकडं." पोरगा येत होता धाराशिवहून, तुळजापूरच्या बाजूनं. त्यानं त्याच्या अलीकडं गाडी लावली आणि उभा राहिला. नाना आपल्या अलीकडं उभे राहिले. मधे आठ-दहा लेन आणि हिंदुस्थानातली सगळी मालवाहतूक. दोघंही फोनवर एकमेकांना "मी अलीकडंच हाय" असं शपथेवर सांगत होते, आणि दोघंही खरं बोलत होते. सर्व्हर असते तर दोघांसमोर हिरवा दिवा लागला असता. अखेर पोरगा मोटारसायकल कडेच्या वाटेनं काढून इकडे आला. दुचाकीला टोल नाही, टॅग नाही, त्यामुळे बॅटरीच्या या शेवटच्या प्रवासाची नोंद कुठल्याच वहीत झालेली नाही.

दुसरी बॅटरीही दोन दिवसांनी तशीच नाक्यावरून वर जाऊन खाली आली. ती परत पाठवायची तर पत्ता पुन्हा भरावा लागत होता, जिल्ह्यासकट. नानांनी फोन बाजूला ठेवला आणि माळावरच्या एकाचा पंप बंद असल्याचं त्यांच्या कानावर होतं, त्याला बोलावून घेतलं. तो खिशातून फोन काढायला लागला, तसं नानांनी त्याला थांबवलं.

"रोख असंल तर आहे त्या भावात. यूपीआय असंल तर सव्वापट."